उडी न मारण्याची शपथ

नीलाने मोरेश्वरला शपथ घातली ती इमर्जन्सी रूममध्ये, नर्ससमोर.

"बर्फावर जायचं तर खुशाल जा. मी अडवणार नाही. पण उडी मारायची नाही. पाय बर्फावरून सुटता कामा नयेत. तुम्हाला माझी शपथ आहे."

ही गोष्ट दोन हजार एकच्या फेब्रुवारीतली. मोरेश्वर डबीर तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. मूळचा नागपूरचा, वेस्ट विंडसरला घर, जवळच्याच एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात कॉम्प्युटरचं काम. ऑफिसच्या लोकांबरोबर स्कीइंगला जायला लागला होता आणि त्याला ते बऱ्यापैकी जमतही होतं. त्या दिवशी बरोबरचं कुणीतरी म्हणालं, त्या उंचवट्यावरून उडी मारून दाखव. हा गेला. हवेत होता तेवढा वेळ फार बरं वाटलं. मग तो खांद्यावर आपटला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तेरा वर्षांची अदिती त्याचं जॅकेट छातीशी धरून उभी होती. नर्सने विचारलं, तुमची बायको काय म्हणतेय?

"शी इज हॅपी आय अ‍ॅम अलाइव्ह," मोरेश्वर म्हणाला. तेही काही खोटं नव्हतं.

त्याने शपथ पाळली. पुढच्या चार हिवाळ्यांत तिघंही अधूनमधून शनिवारी पेनसिल्व्हेनियात ब्लू क्रीकच्या डोंगरावर जायची. नीला खालच्या लॉजमध्ये खिडकीशी बसायची. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं, मांडीवर मासिक. मोरेश्वर खाली येऊन हातमोजे काढायला लागला, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "सुटले नाहीत ना पाय?"

"नाही सुटले."

"बसा मग."

लहानपणी नागपूरला शपथेचे नियम गल्लीतल्या सगळ्या पोरांना पाठ असत. घातलेली शपथ मोडली, तर जिची घातली तिच्या जिवाला धोका. ती सुटायची एकच वाट, जिने घातली तिनेच तोंडाने 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. मोरेश्वर इंजिनियर होता, असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसतानाही चार हिवाळे त्याचे पाय बर्फावरून बोटभर वर उचलले गेले नाहीत.

मागच्या सप्टेंबरात नीला गेली. जेवण झाल्यावर डोकं दुखतंय म्हणाली, जरा पडते म्हणाली. मोरेश्वर भांडी धूत होता. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बोलायला वेळच मिळाला नाही. शेवटचं काही सांगणं नाही, निरोप नाही. भाजी फ्रिजमध्ये ठेवा, हे तिचं शेवटचं वाक्य.

अदिती कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, पिट्सबर्गला. दिवसांसाठी येऊन राहिली आणि परत गेली. मग घरात मोरेश्वर एकटा. तो ऑफिसला जायचा, यायचा, भात लावायचा. घरातली प्रत्येक वस्तू नीलाने निवडलेली. पडदे, सोफा, त्याच्या अंगातला शर्ट. दुकानात दोन गोष्टी हातात घेतल्या, की तो अजूनही शेजारी मान वळवायचा. शेजारी दुसरंच कुणी उभं असायचं.

डिसेंबरात बाळ ठोसर त्याला ओढून ब्लू क्रीकला घेऊन गेला. बाळ ऑफिसमधलाच, पुण्याचा, पन्नाशीचा. आईवडिलांनी लाडाने बाळ म्हणायला सुरुवात केली आणि मग पासपोर्टवरही तेच आलं. तो स्वतः स्की करत नसे. डोंगरावर येऊन फ्रेंच फ्राइज खाणं एवढाच त्याचा खेळ.

दोघं खिडकीशी बसले. नीला बसायची त्या टेबलावर नाही, त्याच्या पलीकडे. तिथून डोंगराची दुसरी बाजू दिसत होती. दोर लावून वेगळी केलेली जागा होती ती, तिला पार्क म्हणायचे. तिथे बर्फात लांबट प्लास्टिकचे बॉक्स पुरलेले होते, लोखंडी नळ्या होत्या, बर्फाचेच रचलेले उंचवटे होते. पोरं त्यावरून घसरत, उलटी जात, उड्या मारत. पडत तर सारखीच. त्यांच्यात एक पांढऱ्या दाढीचा माणूस होता. तो बॉक्सवरून आडवा झाला, बर्फात बसला आणि हसत सुटला. कुणी धावून आलं नाही. कुणी 'कसे आहात हो आता' असं मान वाकडी करून विचारलं नाही. पोरं त्याच्या बाजूने निघून गेली.

मोरेश्वर बराच वेळ बघत राहिला. सप्टेंबरपासून त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. दवाखान्यात बोलतात तसे.

"मला तिथे पडावंसं वाटतंय," तो म्हणाला.

बाळने फ्राय तोंडाकडे नेता नेता थांबवली. "पड की. कोण नको म्हणतंय?"

"शपथ आहे. उडी मारायची नाही, पाय सुटू द्यायचे नाहीत म्हणून."

"वहिनींची?"

"हो."

"अरे मोऱ्या, पण शपथ ज्या माणसाच्या जिवासाठी असते, तो माणूसच आता–"  बाळचे कान लाल झाले. त्याने फ्राय परत कागदात ठेवली. मग घाईघाईने बाहेर बोट दाखवलं. "तो बघ, तो बॉक्स बघ. त्यावरून जाताना पाय हवेत कुठे आहेत? बॉक्सवर आहेत. बॉक्स बर्फात आहे. म्हणजे पाय बर्फावरच की रे."

"मध्ये प्लास्टिक आहे."

"तुझ्या बुटाच्या आणि बर्फाच्या मध्येही स्की असतेच की! हे बघ, उपासाला पोळी चालत नाही, साबुदाणा चालतो. का चालतो हे कुणी विचारतं का? बॉक्स म्हणजे साबुदाणा. ती उडी म्हणजे पोळी."

"तू पुणेकर आहेस. तुला उपासातून पळवाट काढायला शिकवावं लागत नाही."

"आणि तू नागपूरचा. फुकट उपाशी मरशील."

मोरेश्वर हसला. पण घरी येताना गाडी चालवताना त्याच्या डोक्यात बाळचं अर्धं राहिलेलं वाक्यच घोळत होतं. पुढचं त्याला कळलं होतं. ज्याच्या जिवासाठी शपथ, तो माणूसच नाही, म्हणजे शपथही संपली. हिशेबाला बरोबर होतं. पण टेलिफोनच्या बिलावरून नीलाचं नाव गेलं होतं. लायब्ररीचं कार्ड बंद झालं होतं. तिचा मोबाइल नंबर आता दुसऱ्या कुणालातरी मिळाला होता. तिने सांगितलेली आणि अजून लागू असलेली अशी ही एकच गोष्ट उरली होती. ती पाळतोय तोवर तो कुणाचा तरी नवरा होता. शपथ संपली म्हटलं, की तेही संपलं.

साबुदाण्याचा युक्तिवाद मात्र त्याने घेतला. शपथ शाबूत ठेवून पडायची सोय त्यात होती.

जानेवारीपासून तो दर शनिवारी एकटाच जायला लागला. नीलाने घेतलेल्या त्याच्या जुन्या स्की गॅरेजमध्ये होत्या. एका चर्चच्या हॉलमधल्या जुन्या सामानाच्या बाजारातून तिने निवडल्या होत्या. नारळ घेतात तशा बोटाने वाजवून, कानाशी धरून. विकणारा बघतच राहिला होता. "ह्या दणकट आहेत, ह्याच घ्या," ती म्हणाली होती. होत्याही दणकट. जड, ताठ, जराही न वाकणाऱ्या. सरळ खाली यायला ठीक होत्या. पार्कमध्ये त्यांनी त्याचा जीव काढला.

बॉक्सवर जायचं म्हणजे सरळ यायचं, गुडघे सैल सोडायचे, पाय अगदी सपाट ठेवायचे आणि नजर पुढच्या टोकावर. स्की जराशी जरी कडेवर गेली तरी पाय निसटतात आणि माणूस कमरेवर आपटतो. मोरेश्वर डाव्या कमरेवर आपटला, उजव्या कमरेवर आपटला. एकदा बॉक्सवर बसूनच खालपर्यंत गेला. पोरांनी हातातल्या स्कीच्या दांड्या आपटून त्याला दाद दिली. घरी आल्यावर आयोडेक्स चोळायचं, भात खायचा आणि झोपायचं. निदान त्या रात्री झोप लागायची. अंग दुखायला लागलं, की बाकीचं दुखणं थोडं मागच्या रांगेत जाऊन बसायचं. एवढंच. त्याला आनंद वगैरे म्हणता आलं नसतं.

स्कीची मागची टोकं मात्र सारखी अडायची. पुढून त्या वळलेल्या होत्या, मागून चौकोनी कापल्यासारख्या. अंग जरा फिरलं, की मागचं टोक बर्फात रुतायचं.

डोंगराच्या पायथ्याशी स्कीचं दुकान होतं. मालकीण डेबी, साठीच्या आसपासची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोरेश्वर त्या दुकानात गेला. बाळला मुद्दाम बरोबर नेलं. एकट्याने वस्तू निवडायची म्हटलं, की तो रिकाम्या हातानेच परत यायचा.

"कशासाठी हव्यात?" डेबीने विचारलं.

"पार्कसाठी."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग बाळकडे बघितलं. "मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं," ती म्हणाली आणि तीन जोड्या काढून भिंतीला टेकवल्या. तिन्हींची दोन्ही टोकं वळलेली होती.

बाळ वाकून बघायला लागला. "हे काय रे? पुढूनही वळलेलं, मागूनही वळलेलं. घालायचं कुठून?"

"उलटं जाता यावं म्हणून असतं."

"पन्नाशीला आलास. आता उलटं कुठे जाणार?"

मोरेश्वरने पहिली जोडी हातात घेतली आणि सवयीने बोटाने वाजवली. टणक आवाज आला. मान हलवून ती त्याने बाजूला ठेवली, म्हणजे घ्यायची म्हणून.

"ती नको," डेबी म्हणाली. "ती वेगासाठी, मोठ्या उड्यांसाठी. ताठ आहे. तुम्ही चुकलात तर ती ऐकून घेणार नाही." तिने तिसरी उचलून त्याच्या हातात दिली. "वाकवून बघा."

त्याने एक टोक जमिनीला टेकवलं आणि मध्यावर हात दाबला. स्की वाकली. चांगली कमरेतून वाकली आणि हात काढताच परत सरळ झाली. जातीचा माल असा वाकतो का, असं त्याच्या मनात आलं. उद्या मोडली तर? तो नकळत मान वळवून बोलून गेला, "ही जरा कच्ची वाटते, नाही?"

शेजारी बाळ होता. कुणाला विचारलं हे बाळला कळलं.  तो म्हणाला, "मोऱ्या, तू नारळ निवडायला आला आहेस. ही भेंडी आहे. भेंडी लवते तीच कोवळी."

"टिकेल का पण?"

"किती वर्षं टिकायला हवी?"

 मोरेश्वरने आजवर घेतलेली प्रत्येक गोष्ट किती वर्षं टिकेल, हे बघूनच घेतली होती. गाडी, कुकर, घराचं छप्पर. आणखी वीस वर्षं धरून घेतलेल्या वस्तू घरात जागच्या जागी होत्या आणि वीस वर्षं धरणारी बाई नव्हती.

त्याने ती वाकणारी जोडी घेतली. निळ्या रंगाची होती, वर पिवळे पट्टे. नीलाने असला रंग दुकानातून उचलूही दिला नसता. बूट अडकवायची जागा कुठे बसवू, असं डेबीने विचारलं. पार्कवाले ती मधोमध बसवतात, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सारखं जाता येतं. "मधोमध," तो म्हणाला. आपण स्वतःच ठरवलं, हे त्याला गाडीत बसल्यावर जाणवलं आणि जरा अपराधी वाटलं.

नव्या स्की वेगळ्याच निघाल्या. तो चुकला तर त्या वाकायच्या, आणि वाकून त्याला परत उभं करायच्या. बॉक्सवर तो पहिल्यांदा शेवटपर्यंत उभा राहिला, तेव्हा पुढे काय करायचं तेच त्याला कळेना. मग हळूहळू उलटं जायला शिकला. पाठ उताराकडे, मान खांद्यावरून वळवलेली. मान अवघडायची. पांढऱ्या दाढीचा माणूस एकदा डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या बाकड्यावर शेजारी बसला. स्वतःचं नाव हॅरल्ड सांगितलं आणि उतरेपर्यंत गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलला. मोरेश्वरबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. मोरेश्वरला तो त्या हिवाळ्यात भेटलेला सगळ्यात सभ्य माणूस वाटला.

पण पार्कच्या शेवटी उडी होती. बर्फाचा कमरेएवढा उंचवटा. बॉक्स, मग बॉक्स, मग ती. बॉक्सवरून आलेला प्रत्येक जण त्याच वेगात तिच्यावर जायचा. मोरेश्वर तिथे आला की डावीकडे वळायचा आणि बाजूने खाली जायचा. दर वेळी. हॅरल्डने एकदा वरून ओरडून विचारलं, उडी कधी? मोरेश्वरने हात हलवला. म्हातारा घाबरतो, असं पोरांना वाटत असेल. वाटू दे.

घाबरत नव्हता असं नाही. पण ते खरं कारण नव्हतं. तिथे वळताना दर शनिवारी त्याच्या मनात यायचं, आता खाली गेल्यावर नीला विचारेल, सुटले नाहीत ना पाय? आणि नाही सुटले, असं सांगता येईल. तेवढ्यासाठी तो वळायचा. खाली कुणी विचारत नव्हतं, हेही त्याला माहीत होतं.

मार्चमध्ये अदिती सुट्टीला घरी आली. शनिवारी म्हणाली, मीही येते. दोघं गाडीत फारसं बोलले नाहीत. ती कानात गाणी लावून बसली होती. वर जाताना लिफ्टच्या दोन जणांच्या बाकड्यावर मात्र गाणी नव्हती.

"बाळकाका मला फोनवर म्हणाला, यू आर द टॉक ऑफ द पार्क."

"काहीही सांगतो तो."

"नो, आय थिंक इट्स कूल. तुझ्या स्की पण कूल आहेत." ती पाय हलवत बसली. "बट ही सेड तू शेवटची जंप करत नाहीस. नेव्हर."

"शपथ आहे ना."

अदितीने मान वळवली. "हॉस्पिटलमधली? दॅट वन?"

"हो."

"बाबा! शी डिड दॅट टू एव्हरीबडी. मला नाक टोचायचं होतं तेव्हा मला पण घातली होती. रिमेंबर?"

"मग?"

"मग काय, मी दोन दिवस तिच्या मागे लागले, रडले. ती म्हणाली, बरं बाई, सुटली."

"तुझी सोडली. माझी नाही सोडली."

"तू विचारलंस का कधी?"

मोरेश्वर समोरच्या खांबाकडे बघत राहिला. चार हिवाळे. खिडकीशी चहा पिताना कितीदा तरी विचारता आलं असतं. अगं, सोड की आता. ती कुरकुरली असती आणि थालीपीठाचा तुकडा पुढे सरकवून म्हणालीही असती. त्याने विचारलं नाही. तिने बजावावं आणि आपण ऐकावं, हे त्याला आवडत होतं. त्यात एवढी घाई कशाला करायची, असं वाटत होतं.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"ओके. मग मी म्हणते. सुटली."

"तू म्हणून चालत नाही. जिने घातली तिने म्हणायचं असतं."

"देन व्हॉट, फॉरेव्हर?"

त्याने दांड्या मांडीवर सारख्या केल्या.

"यू वॉन्ट इट फॉरेव्हर," अदिती म्हणाली. तिचा आवाज चढला. पुढच्या बाकड्यावरच्या दोघांनी मागे बघितलं. "तुला ती सुटायलाच नकोय. तुझ्याकडे शपथ तरी आहे, बाबा. तू दर शनिवारी येऊन ती पाळतोस. माझी तर तिने सोडवून टाकली. मी काय पाळू? मला तिने काही सांगितलंच नाही. आय वॉज इन द डॉर्म, आणि मी तिचा त्या दिवशीचा फोन पण उचलला नाही, कारण मी जेवत होते."

हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. मोरेश्वरने हात पुढे केला, पण मोठे हातमोजे, दांड्या, मधली लोखंडी पट्टी. हात तिच्या गुडघ्यापर्यंत पोहोचला, तिथेच त्याने ठेवला. लिफ्ट वर पोहोचली आणि दोघांना उतरावं लागलं.

पार्कच्या वरच्या टोकाला दोघं उभे राहिले. अदितीने डोळे पुसून गॉगल परत लावला. "मी बाजूने खाली जाते," ती म्हणाली. "तू ये तुझा तुझा." आणि ती दोराच्या पलीकडून खाली गेली, उडीच्या पुढे जाऊन थांबली आणि वर न बघता उभी राहिली.

मोरेश्वर तिथेच थांबला. तो दमला होता. सकाळपासून नाही, सप्टेंबरपासून. शपथ संपली असं बाळसारखं म्हणणं त्याला जमत नव्हतं. अदितीने सुटली म्हटलं, म्हणून ती सुटली असंही वाटत नव्हतं. शपथ होती. नीलाने घातलेली, अजून लागू असलेली. पण गेलेल्या माणसाचं असं अक्षरन् अक्षर आपण पाळतो. ती होती तेव्हा तिचं सगळं कधी ऐकलं होतं? तिला विचारल्याशिवाय लाल गाडी आणली होती. डॉक्टरने बंद केलेलं लोणचं खाल्लं होतं. ती चिडायची, दोन दिवस मोजकं बोलायची, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा चहा. न ऐकूनही तो तिचा नवराच राहिला होता.

मागे दोन मुलं येऊन उभी राहिली. "यू गोइंग, सर?"

आपण निघतोय हे मागच्यांना ओरडून सांगायचं, असा पार्कचा नियम होता. मोरेश्वर आजवर कधी ओरडला नव्हता. वळूनच तर जायचं होतं.

"ड्रॉपिंग!" तो ओरडला.

पहिला बॉक्स. सपाट, सैल. दुसरा बॉक्स. मग वेग. डावीकडे वळायची जागा आली आणि सवयीने डाव्या पायात जोर आला. त्याने तो सोडला. माझी शपथ आहे, असं नीला म्हणाली होती. "मोडतो गं," तो मराठीत मोठ्याने म्हणाला. बर्फ पायांखाली चढत गेला आणि मग पायांखाली नव्हता.

हवेत तो फार वेळ नव्हता. श्वास घ्यावा एवढा. बरं वाटलं, की काही वाटलंच नाही, हे त्याला नंतर आठवेना. स्की टेकल्या, वाकल्या, त्याला क्षणभर उभं ठेवलं. मग एक पाय पुढे गेला आणि तो मागे बसला, बसल्या बसल्याच आडवा झाला, थोडा घसरला, थांबला.

काही मोडलं नव्हतं. तो उताणा पडून राहिला. वर करडं आभाळ. तो वाट बघत होता. आता ओरडेल. आता म्हणेल, सांगितलं होतं ना मी. चार दिवस बोलणार नाही. चालेल. आठ दिवस बोलू नकोस. पण ओरड.

कुणी ओरडलं नाही. डोंगरावर बर्फ पाडणाऱ्या मशीनचा आवाज येत होता, तेवढाच. मोरेश्वरच्या घशातून एक आवाज निघाला आणि मग तो थांबेना. अंत्यविधीला, दिवसांना, पाहुण्यांसमोर जो निघाला नव्हता तो.

दोराच्या पलीकडून जाणारं कुणीतरी ओरडलं. "उतरायच्या जागेतून बाजूला व्हा! मागून येतायत!"

उडीच्या पलीकडे काय आहे, ते वरून दिसत नाही. तिथे पडून राहायचं नसतं. मोरेश्वर कोपरांवर उठला. एक स्की निघाली होती, ती ओढत तो गुडघ्यांवर बाजूला सरकला. तोवर अदिती दोराखालून आत आली होती. तिने त्याचं कोपर धरलं आणि त्याला कडेला घेतलं. त्याच क्षणी मागच्या पोराने उडी घेतली आणि ते त्यांच्या बाजूने सरकन खाली गेलं.

"आर यू हर्ट? बाबा, कुठे लागलं?"

"नाही लागलं."

"मग?"

"ती ओरडली नाही," मोरेश्वर म्हणाला. "मी वाट बघत होतो."

अदिती त्याच्या शेजारी बर्फात बसली. तिचं नाक लाल झालं होतं. ती म्हणाली, "मी ओरडू का? आय कॅन."

"नको. तुला ओरडता येत नाही. मधेच इंग्रजीत जातेस."

ती हसली आणि तिचं हसणं मध्येच मोडलं. मग दोघंही तसेच बसून राहिले. मुलं उड्या मारत होती, पडत होती, उठत होती. हॅरल्ड गेला, त्याने दांडी वर केली. त्यांच्याकडे कुणी फार बघत नव्हतं.

"तो फोन," मोरेश्वर म्हणाला. "तिने त्या दिवशी दुपारी केला होता. मी घरीच होतो. तुला ब्लँकेट पाठवायचं होतं. जाड हवं का पातळ, एवढंच विचारायचं होतं तिला."

"एवढंच?"

"एवढंच. तू उचलला नाहीस तर म्हणाली, जेवत असेल. जेवू दे."

अदितीने गुडघे जवळ घेऊन त्यांवर डोकं टेकलं. मोरेश्वरने तिच्या पाठीवर हात ठेवला. जॅकेट जाड होतं, पण पाठ हलतेय हे हाताला कळत होतं. घाई नव्हती. गार मात्र वाजायला लागलं होतं.

"पुन्हा जायचंय?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"आज नको. दमलो गं."

त्याने दुसरी स्कीही पायातून सोडवली. अदितीनेही तिच्या काढल्या. त्याची एक तिने उचलून स्वतःच्या दोन्ही स्कींबरोबर खांद्यावर टाकली, आणि दोराच्या कडेकडेने, टाचा बर्फात रोवत, दोघं चालत खाली यायला लागले.